दर रविवारी त्याचे पोट दुखते

वाचकाचे पत्र, थोडक्यात

हे पत्र भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या एका गावातून आले आहे. पत्रलेखक शाळेत शिक्षक आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांच्या पत्राचा आशय येथे देत आहे.

तरुणपणी एका शिबिरात ते कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी बोट, चालवायला शिकले. पाच वर्षांपूर्वी त्यांनी फायबरच्या दोन जुन्या कयाक विकत घेतल्या, एक एकट्याची आणि एक दोघांची. तेव्हापासून दर रविवारी पहाटे पती, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौघेही धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात जातात. उन्हाळ्यात तंबू ठोकून मुक्काम करतात, सायकलवर भटकतात. मुलगी आता शर्यतींत उतरू लागली आहे, दोनदा बाहेरगावी जाऊन चांगली कामगिरी करून आली आहे, आणि वडील तिच्याकडून रोज सराव करून घेतात. गेल्या जानेवारीत दोघांची कयाक उलटली. पुढे मुलगा बसला होता, मागे वडील. मुलीची वेळ मोजण्यासाठी वडील मागे वळले आणि बोटीचा तोल गेला. मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट होते, मात्र लहान मापाचे न मिळाल्यामुळे ते मोठ्यांचे होते. अर्ध्या मिनिटात त्याला वर घेतले, काही इजा झाली नाही. तेव्हापासून दर शनिवारी रात्री तो गप्प होतो, रविवारी सकाळी त्याचे पोट दुखते आणि तो काठावर बसून राहतो. पत्नीचे म्हणणे आहे की आता हे थांबवावे. पत्रलेखकाच्या आईंचा विरोध पहिल्यापासून आहे, त्यांचे माहेरचे गाव याच धरणाच्या बुडितात गेले आहे आणि त्या म्हणतात, "त्या पाण्यानं माहं माहेर गिळलं, आता लेकरंही देऊ का?" गावातले लोक विचारतात, "मास्तर पोरीले ढिवरीन बनवते का?" (ढिवर म्हणजे मासेमारी करणारा समाज.) मुलाची भीती कशी घालवावी, घरच्यांची समजूत कशी काढावी आणि "आमचे हे पाण्याचे कुटुंब" मोडू नये यासाठी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

नमस्कार सर,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. पहिल्या वाचनात आनंदच अधिक झाला. आपल्याकडे रविवार म्हणजे मुलांच्या हातात मोबाइल आणि मोठ्यांच्या वाट्याला एखादे लग्न किंवा तेरवी, असे चित्र घरोघरी असताना एक कुटुंब पहाटेच्या धुक्यात दोन बोटी उचलून पाण्याकडे निघते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती बंद पडावी असे मला मुळीच वाटत नाही. दुसऱ्या वाचनात तुमच्या आईंच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. त्याविषयी पुढे लिहिते. तिसऱ्या वाचनात मात्र दोन बारीक तपशील डोळ्यांत भरले, जे तुम्ही ओघात लिहून गेला आहात: जॅकेट मोठ्यांचे होते आणि तुम्ही वेळ मोजायला मागे वळला होतात. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन तपशिलांतच दिसते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मोठ्या मापाचे जॅकेट लहान मुलाच्या अंगात असते तेव्हा पाण्यात काय होते, याची कल्पना करून पाहा. जॅकेट पाण्यात पडताक्षणी वर उसळते, आणि ते अंगाला घट्ट बसलेले नसले तर मुलाला उचलण्याऐवजी स्वतःच वर सरकते. जॅकेटचे खांदे कानांपर्यंत येतात, गळ्याचा भाग हनुवटीवर आणि तोंडावर दाबला जातो, हात आपोआप वर होतात आणि डोळ्यांसमोर केशरी कापडाखेरीज काही दिसत नाही. जानेवारीचे पाणी थंड असते. थंड पाण्यात अचानक पडल्यावर माणूस न ठरवताच मोठा श्वास ओढतो, आणि नेमक्या त्याच वेळी नाकातोंडात पाणी जाते. तुम्ही बाहेरून पाहिले तेव्हा जॅकेट तरंगत होते आणि मुलगा त्यात सुरक्षित होता. त्या कापडाच्या आत त्याचा अर्धा मिनिट कसा गेला असेल, हे त्याला अजून कोणी विचारलेले नाही, निदान पत्रात तरी तसे दिसत नाही.

तुम्ही लिहिता की मुलाची भीती घालवायची आहे. मला वाटते, तुमच्या मुलाला भित्रा समजण्याचे काहीच कारण नाही. त्याच्या अंगावर बांधलेली वस्तू तिचे काम करत नव्हती आणि ज्यांचे लक्ष त्याच्यावर असायला हवे होते त्यांचे लक्ष त्या क्षणी घड्याळाकडे होते, या दोन्ही गोष्टी त्याच्या शरीराने अचूक टिपल्या आहेत. त्याला हे शब्दांत मांडता येत नाही, म्हणून ते पोटातून बाहेर पडते. एकदा डॉक्टरांकडून तपासणी अवश्य करून घ्या, पण दुखणे फक्त रविवारीच येते म्हणून ते सोंग आहे असे समजू नका. भीतीने लहान मुलांच्या पोटात खरोखरच दुखते, कळा येतात, मळमळते. शाळेत परीक्षेच्या दिवशी अशी मुले तुम्ही पाहिली असतीलच.

येथे माझी एक आठवण सांगते, कारण तुमचे पत्र वाचताना ती सारखी पुढे येत होती. आमच्या घरामागे बोडी, म्हणजे लहान तळे, होते. मी नऊ-दहा वर्षांची असताना काकांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला पाण्यात सोडले. त्या काळी सगळीच मुले तशी पोहायला शिकत. दोरी सैल होती. डबा घसरून मानेमागे आला आणि माझे तोंड पाण्यात दाबले गेले. काकांनी लगेच उचलले, पाठ थोपटली आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "काही नाही झालं, काही नाही झालं." त्या दिवसातले पाणी मी केव्हाच विसरले, ते वाक्य मात्र विसरले नाही, कारण काहीतरी झाले होते आणि ते फक्त मलाच माहीत होते. पुढे पंचवीस वर्षे मी पाण्यात उतरले नाही. काका प्रेमळ होते, निष्काळजी तर अजिबात नव्हते. त्यांनी एकदाच, "दोरी मी नीट बांधली नव्हती गं," असे म्हटले असते तर बरेच काही वेगळे झाले असते, असे मला आजही वाटते.

म्हणून सगळ्यात आधी करायची गोष्ट ही, की मुलाला एकटे घेऊन बसा आणि त्याला स्पष्ट सांगा: "त्या दिवशी चूक माझी होती. जॅकेट तुझ्या मापाचे नव्हते, तरी मी तुला घेऊन गेलो, आणि माझे लक्ष ताईच्या वेळेकडे होते." यापुढे "पण" म्हणू नका, "आता पुन्हा येशील ना" असे विचारू नका, त्याच्या उत्तराची वाटही पाहू नका. वडिलांनी, त्यातही मास्तरांनी, नऊ वर्षांच्या मुलापुढे चूक कबूल करणे आपल्या गावांत फारसे घडत नाही, म्हणूनच त्याचे वजन मोठे असते. त्यानंतर तो त्या अर्ध्या मिनिटाविषयी काही बोलला तर मध्ये न तोडता ऐकून घ्या. नाही बोलला तरी चालेल.

जॅकेटविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ही चूक तुमच्यासारखे अनेक काळजीवाहू पालक करतात. मुलाच्या जॅकेटची निवड त्याच्या वजनावरून करायची असते, वयावरून किंवा "दोन वर्षे पुरेल" या हिशेबाने तर कधीच नाही. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसे येथे चालत नाही. घरीच एक चाचणी करता येते: सगळे पट्टे बांधून मुलाला उभे करा आणि जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढा. जॅकेट कानांपर्यंत किंवा हनुवटीच्या वर आले तर ते नापास. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर जॅकेट वर सरकत नाही. लहान मुलांसाठी तो पट्टा आणि डोक्यामागे आधार देणारी कॉलर असलेलेच जॅकेट घ्यावे. जॅकेटवर न्यूटन या एककात तरंगशक्ती लिहिलेली असते. 50 न्यूटनचे जॅकेट चांगले पोहता येणाऱ्यासाठी आणि काठाजवळच्या पाण्यासाठी असते. न पोहणाऱ्या किंवा लहान मुलासाठी किमान 100 न्यूटनचे पाहावे. जवळच्या शहरात मिळाले नाही तर मागवून घ्यावे, आणि ते येईपर्यंत मुलाला पाण्यावर नेऊ नये. तुम्ही फायबरच्या दोन बोटी मिळवल्या आहेत, जॅकेटही मिळवालच.

नवे जॅकेट आले की ते त्याच्यासमोर उघडा, चाचणी त्यालाच करू द्या, आणि मग ते खुंटीला टांगून ठेवा. तो स्वतःहून पाण्याचे नाव काढील तेव्हा मोठ्या जलाशयावर न जाता तुमच्या पंचक्रोशीतला एखादा मामा (माजी मालगुजारी) तलाव निवडा. पूर्वजांनी बांधलेल्या या मालगुजारी तलावांचा पाळीसमोरचा, म्हणजे बांधासमोरचा, काठ सहसा हळूहळू उतरत जातो, आणि मार्च-एप्रिलमध्ये काठाजवळ गुडघाभर, कंबरभर कोमट पाणी असते. शिंगाड्याचे वेल किंवा जाळी नाहीत अशी स्वच्छ जागा आधी तुम्ही स्वतः चालून पाहा. पहिल्या दिवशी बोट नेऊच नका. जॅकेट घालून कंबरभर पाण्यात मागे टेकायचे आणि ते आपल्याला कसे उचलते हे अनुभवायचे, एवढेच पुरे. पुढे कधीतरी कंबरभर पाण्यातच बोट मुद्दाम उलटण्याचा खेळ खेळता येईल: आधी तुम्ही उलटा, मग ताई, आणि त्याला वाटले तर तो. बोट उलटल्यावर ती सोडायची नाही, तिला धरून राहायचे आणि शिट्टी वाजवायची, हे मुलांच्या अंगी याच खेळातून बाणते. यातल्या कोणत्याही टप्प्यावर त्याने "पुरे" म्हटले की त्या दिवसापुरते ते शेवटचे. एकदा जरी तुम्ही "अजून एकदाच" म्हणालात तरी मागचे सगळे वाया जाईल.

आणि तो कधीच परत आला नाही तर? हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही, पण सगळ्या पत्राखाली तोच आहे असे मला वाटते. तुम्ही आपल्या घराला "पाण्याचे कुटुंब" म्हणता. हे नाव कोणी ठेवले? मुलीला ते आवडत असेल. तुमच्या पत्नीला स्वतःला वल्हवायला आवडते की नाही, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. पहाटे चार वाजता उठून डबे त्या करतात, एवढेच कळते. कुटुंबाचे असे एकच नाव पडले की त्या नावात न बसणारा माणूस आपण घर मोडतो आहोत अशा अपराधी भावनेत जगू लागतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाने ते ओझे वाहावे असे तुम्हालाही वाटणार नाही. तुमची खरी मिळकत म्हणजे चौघांनी मिळून घराबाहेर घालवलेला वेळ. तो वेळ चौघांनी एकाच पाण्यात बसूनच घालवला पाहिजे, हे मात्र तुमचे गृहीतक आहे.

आता मुलीविषयी. दर रविवारी एकाच फेरीत कुटुंबाची सहल आणि मुलीचा सराव, दोन्ही बसवण्याचा प्रयत्न होत आहे आणि जानेवारीतला अपघात त्याच गर्दीत झाला. म्हणून या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या करा. सरावाचे दिवस ठरवा, त्या दिवशी लहान मुलगा पाण्यावर नसेल. आणि सहलीच्या दिवशी घड्याळ घरी राहील. हा नियम मुलीसाठीही गरजेचा आहे, कारण आठवड्यातला एक तरी दिवस तिला प्रशिक्षक नसलेले वडील मिळाले पाहिजेत.

शर्यतीची बोट आणि सहलीची बोट यांत किती फरक असतो हे तुम्ही जाणता, पण इतर वाचकांसाठी सांगते. सपाट पाण्यावरच्या शर्यतीत एकट्याची कयाक जास्तीत जास्त 5.20 मीटर लांब आणि किमान 12 किलो वजनाची असते. ती इतकी अरुंद असते की नवशिका तिच्यात नुसता बसला तरी उलटतो. हा खेळ 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि महिलांची एकटीची कयाक शर्यत तिथे 500 मीटरची असते. म्हणजे हा वेगाचा, तंत्राचा आणि खांद्यांवर ताण आणणारा खेळ आहे. तेरा वर्षांच्या, वाढीच्या वयातल्या मुलीकडून रोज सराव करून घेण्याआधी प्रशिक्षित व्यक्तीचा सल्ला घ्या. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून राज्य संघटनेचा आणि प्रशिक्षकांचा पत्ता मिळू शकतो. वर्षातले काही महिने तिला पळू द्या, पोहू द्या, कबड्डी खेळू द्या. घाई करण्याचे कारण नाही. चांदवड तालुक्यातले, विहिरी खोदणाऱ्या कुटुंबातले दत्तू भोकनळ यांनी सैन्यात दाखल झाल्यावर वल्हे हाती धरले, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते भारताकडून उतरले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचा रोइंग हा प्रकार वेगळा आहे, त्यात पाठमोरे बसून वल्हवतात. पण उशिरा सुरुवात झाली म्हणून वाट बंद होत नाही, एवढे त्यावरून नक्की दिसते. तिला अधूनमधून विचारत राहा की शर्यत तिला अजून हवी आहे का, आणि हे विचारायचे ते तिच्या हरण्याच्या दिवशी नव्हे किंवा जिंकण्याच्याही दिवशी नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी.

गावाच्या बोलण्याविषयी मला थोडे कठोर लिहावे लागेल. "ढिवरीन बनवते का" या प्रश्नाने तुम्ही दुखावलात, हे पत्रातून दिसते. पण दुखावण्यासारखे त्यात काय आहे, याचा शांतपणे विचार करा. वैनगंगेचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ओळखले तो हा समाज आहे. पाणी कुठे उथळ आहे, कुठे भोवरा धरतो, वावधान (वादळ) सुटण्याआधी आभाळ कसे दिसते, हे त्यांच्याइतके कोणत्याही शिबिरात शिकवले जात नाही. 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दोघांच्या कनू (कयाकसारख्याच दुसऱ्या एका बोटीच्या) शर्यतीत 1000 मीटरचे कांस्यपदक जिंकले. त्यातले सुनील मणिपूरच्या लोकटक सरोवराच्या परिसरातले, म्हणजे पाण्याकाठचेच आहेत. तुमच्या मुलीने डोंगा चालवणाऱ्या एखाद्या आजोबांकडून चार महिने पाणी शिकले तर त्यात तिचा फायदाच आहे. तसे शिकवणाऱ्याला योग्य मोबदला द्या आणि गावासमोर त्यांना तिचे गुरू म्हणा. तुम्ही ज्या पाण्यात जाता तिथे मच्छीमार संस्थेचा हक्क असेल तर त्यांना विचारूनच जा. नायलॉनच्या जाळ्यांपासून लांब राहा, ती पाण्यात दिसत नाहीत आणि पाय अडकला तर सुटत नाही. जाळे अडले म्हणून कापू नका; ते कोणाचे तरी आठवड्याचे पोट असते.

आता तुमच्या आईंकडे येते. "समजूत कशी काढावी" असे तुम्ही विचारले आहे, म्हणजे चुकीची समजूत त्यांची आहे असे तुम्ही धरून चालला आहात. सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून 11 जण बुडाले. जानेवारी 2024 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांचा डोंगा याच तुमच्या वैनगंगेत उलटला आणि त्यातल्या काही जणी घरी परतल्याच नाहीत. या बातम्या आईंनी ऐकल्या आहेत. त्यांची भीती अडाणीपणाची नाही, माहितीची आहे. आणि त्यांचे दुसरे म्हणणे तर भीतीच्याही पलीकडचे आहे. तुम्हाला जे पाणी मोकळे, विस्तीर्ण आणि सुंदर दिसते त्याच्या तळाशी त्यांचे अंगण आहे. तुम्ही त्यावरून वल्हवत जाता तेव्हा त्यांना काय वाटत असेल, हे त्यांना कधी विचारले आहे का?

विचारा, आणि विचारताना वही घेऊन बसा. बुडीत क्षेत्रात बोट नेणाऱ्यासाठी पाण्याखालची जुनी झाडे, घरांच्या भिंती, विहिरींचे काठ आणि विजेचे खांब हा मोठा धोका असतो. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा कालपर्यंत खोल असलेला खुंट आज बोटभर पाण्याखाली येतो आणि फायबर फाडतो. तुमच्या आईंना त्या गावाचा कोपरा न् कोपरा माहीत आहे. चिंचा कुठे होत्या, विहीर कुठे होती, देऊळ किती उंचावर होते, बैलबंडीचा रस्ता कुठून वळत होता. हा नकाशा दुसऱ्या कोणाकडे नाही. तो काढायला नातवाला बसवा, जर त्याला आवडले तर. एक खबरदारी मात्र घ्या: काठावरचे हे काम त्याला हळूच बोटीत ओढून आणण्याची युक्ती ठरता कामा नये. मुलांना अशा युक्त्या फार लवकर कळतात. त्याने नकाशा काढला आणि बोटीत पाय ठेवला नाही, तरी त्याचे काम पूर्णच झाले असे समजा.

आईंना आणखी एक अधिकार द्या. निघताना कोण कोण चालले आहे, कोणत्या काठाने, परत किती वाजता, हे कागदावर लिहून त्यांच्या हाती ठेवा. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास उलटला की कोणाला फोन करायचा तो क्रमांकही त्यावर असू द्या. आणि ज्या दिवशी त्या "आज नको" म्हणतील त्या दिवशी, कारण न विचारता, जाऊ नका. असे वर्षातून दोन-तीनदा होईल. जिला नकार देण्याचा अधिकार मिळतो ती मग दर वेळी विरोध करत नाही, असा माझा अनुभव आहे.

पत्नीशीही असेच बोला, पण ते बोलणे वेगळे असेल. "थांबवावे" असे त्या म्हणतात, त्याचा अर्थ पाणी थांबवावे असाच असेल असे नाही. रोजचा सराव, पहाटेचे डबे, शनिवारच्या रात्रीचा तो ताण, यातले नेमके काय थांबावे असे त्यांना वाटते, ते त्यांनाच सांगू द्या.

पाण्याच्या शिस्तीविषयी फार लिहीत नाही, तुम्ही जाणकार आहात. तरी तीन गोष्टी इतर वाचकांसाठी. पावसाळ्यात नदीवर जाऊच नये: वर मध्य प्रदेशात संजय सरोवरातून पाणी सोडले की आपल्याकडे आभाळ कोरडे असतानाही वैनगंगा चढते, आणि गोसेखुर्द धरणाच्या 33 दरवाजांपैकी काही उघडले की खालच्या प्रवाहाचे रूपच बदलते. दुसरे, मृगाच्या आधी-नंतर आपल्या भागात विजा फार पडतात. गडगडाट कानावर आला की त्याच क्षणी काठ गाठावा, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे पाण्यात परतू नये. तिसरे, कोणी बुडताना दिसले तर पोहता येते म्हणून उडी घेऊ नये. दोरी, बांबू, वल्हे, रिकामी घागर, हाताशी असेल ते आधी पुढे करावे. एकाला वाचवताना दोन-तीन जण जाण्याच्या घटना आपल्याकडे दर उन्हाळ्यात घडतात.

आता रविवारचे काय करायचे ते सांगते. पुढचे काही रविवार दोन वाटांनी निघा. दोघे पाण्याने, दोघे काठाने किंवा कालव्याच्या रस्त्याने सायकलवर, आणि तीन-चार किलोमीटरवरच्या एखाद्या घाटावर किंवा देवळापाशी सगळ्यांनी भेटायचे. कोण कोणत्या वाटेने जाणार हे दर वेळी बदलू द्या, आणि काठाची वाट एकदा तरी तुम्ही स्वतः घ्या, मुलासोबत. काठाने चालताना टिबुकली पक्षी कुठे बुडी मारते आणि कुठे वर येते हे मुलगा तुम्हाला दाखवील. इतके महिने काठावर बसून त्याने काय काय पाहिले आहे, हे तुम्हाला ठाऊकच नाही. भेटीच्या जागी डबा उघडायचा, आणि तो डबा त्या दिवशी तुम्ही केलेला असावा.

पण या पहिल्या रविवारी बोटी घरीच राहू द्या. शनिवारी संध्याकाळी, त्याचे पोट दुखायला लागण्याच्या आधी, त्याला तेवढे सांगा, आणि मग जॅकेटची गोष्ट सांगा.